आधी बियाणे, मग हेक्टर

२०११ साली जर्मनीत बॉन येथे देशोदेशींच्या सरकारांपुढे एक आव्हान ठेवले गेले: उजाड झालेली, जंगल तोडलेली १५ कोटी हेक्टर जमीन २०२० पर्यंत पुन्हा सावरायला घ्यायची. पुढे हा आकडा २०३० साठी ३५ कोटी हेक्टरांवर नेला गेला. संयुक्त राष्ट्रांनी २०२१ ते २०३० हे दशकच परिसंस्थांच्या पुनर्स्थापनेला वाहिले. डिसेंबर २०२२ मध्ये मॉन्ट्रियलच्या जैवविविधता परिषदेत असे ठरले, की बिघडलेल्या परिसंस्थांपैकी किमान ३० टक्के क्षेत्रावर २०३० पर्यंत पुनर्स्थापनेचे परिणामकारक काम चालू असले पाहिजे. युरोपीय संघाने तर ऑगस्ट २०२४ पासून यासाठी बंधनकारक कायदाच लागू केला.

या ठरावांमागचा हेतू मला मनापासून पटतो. पण त्यांत हेक्टर आहेत, टक्के आहेत, सालही आहे. एवढ्या जमिनीवर पेरायला बी कुठून येणार, या प्रश्नाला मात्र ठळक जागा कुठेच नाही. साधा हिशेब करून पाहावा. माळरानावर हेक्टरी पाच ते दहा किलो मिश्र बी धरले, तरी एक लाख हेक्टरला पाचशे ते हजार टन लागते. तेही एका जातीचे नाही. त्या मातीतल्या, त्या हवेतल्या पन्नास-शंभर जातींचे. एवढे रानबियाणे कोणत्याही बाजारात तयार पडलेले नसते. म्हणून माझे म्हणणे असे आहे, की ज्या कार्यक्रमाने बियाण्याची तजवीज केलेली नाही, त्याने हेक्टरचा आकडा जाहीरच करू नये. आणि तजवीज म्हणजे पेरणीच्या वर्षी निविदा काढणे नाही, तर चार-पाच वर्षे आधी पैसे बांधून ठेवणे.

शेतीच्या बियाण्याची सवय असलेल्या माणसाला ही मागणी अवाजवी वाटेल. हंगामाच्या तोंडावर पिशवी आणावी आणि पेरावी, यात चार-पाच वर्षांचे काय आहे? फरक बियाण्याच्या स्वभावातच आहे. पिकांमधून माणसाने हजारो वर्षे निवड केली, ती नेमक्या सोयीच्या गुणांची. सगळी कणसे एकदम पिकावीत, दाणा गळू नये, पेरले की आठवड्यात सगळे उगवावे. रानातल्या झाडाला यातला प्रत्येक गुण घातक आहे. तिथे एकाच तुऱ्यात वरचे दाणे पिकून गळालेले असतात आणि खालचे अजून दुधात असतात. शेंग उन्हात तडकते आणि बी चार हात लांब उडून जाते. आज गेलात तर कच्चे, आणखी काही दिवसांनी गेलात तर रिकामी टरफले. शिवाय एखाद्या वर्षी झाडाला बीच धरत नाही, धरले तर भुंगेरे आधी पोचतात. गोळा करणाऱ्याला जात ओळखता आली पाहिजे आणि तिची वेळही ठाऊक असली पाहिजे. हे ज्ञान पुस्तकात थोडे आणि त्या रानात वर्षानुवर्षे वावरणाऱ्या माणसांकडे जास्त असते.

गोळा केलेले पोते म्हणजेही अजून बियाणे नव्हे. त्यात काड्या, फोलपटे, किडे, माती आणि शेजारच्या तणाचे दाणे असतात. ते सुकवायचे, मळायचे, उफणायचे, वेगवेगळ्या चाळण्यांतून काढायचे. मग मूठभर नमुना टेबलावर घेऊन एकेक दाणा पातीने मधोमध कापून बघायचा. आत पांढरा, घट्ट, ओलसर गर दिसला तर दाणा भरलेला. करडी भुकटी किंवा नुसती पोकळी दिसली तर पोचट. गवतांच्या बाबतीत ही परीक्षा फार निर्दय असते. बाहेरून टपोरे दिसणारे दाणे कापले, की एकामागून एक रिकामे निघत जातात. म्हणून जाणकार खरेदीदार पोत्याचे वजन विचारत नाही, शुद्ध आणि जिवंत बियांचे वजन विचारतो. शुद्धता ८० टक्के आणि त्यातले जिवंत बी ५० टक्के, तर दहा किलोच्या पोत्यात कामाचे बी चारच किलो. उरलेल्या सहा किलोंचे पैसे फोलपटाला गेले. निविदेत 'इतके किलो बियाणे' एवढेच लिहिले, तर सर्वांत कमी दराने सर्वांत पोचट माल येणार.

जिवंत बीसुद्धा सांगितल्या वेळी उगवत नाही. कुणाचे कवच इतके टणक, की घासल्याशिवाय पाणी आत जात नाही. कुणाला थंडीचे काही आठवडे ओल्या मातीत काढावे लागतात. आगीच्या प्रदेशातल्या कित्येक झाडांना तर धुराची खूण लागते. आगीनंतरच ही बिया का उगवतात याचे कोडे फार जुने होते; २००४ साली ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी धुरातले ते संयुग ओळखले आणि आता धुराचे पाणी देऊन अशी बिया रुजवता येते. ही सुप्तावस्था म्हणजे झाडाने केलेली बचत आहे. सगळी बिया एकाच पावसात उगवली आणि पाऊस तुटला, तर वंशच बुडेल. पण पेरणाऱ्याच्या दृष्टीने प्रत्येक जातीची ही अट आधी शोधावी लागते आणि त्यालाही हंगामच्या हंगाम जातात.

मग साठवणूक. कोरड्या, थंड जागी बी टिकते, हे खरे आहे. बीजशास्त्रातला एक जुना ठोकताळा सांगतो, की बियांतला ओलावा एका टक्क्याने उतरवला किंवा साठवणीचे तापमान साडेपाच अंश सेल्सिअसने खाली आणले, तर आयुष्य साधारण दुप्पट होते. म्हणजे चांगले शीतगोदाम ही चैन नाही. चांगल्या वर्षाचे बी वाईट वर्षापर्यंत पोचवण्याचा तो एकमेव मार्ग आहे. मात्र हा ठोकताळा सगळ्यांना लागू नाही. साल वृक्षाचे बी आठवडाभरात मरते. आंब्याची कोय, जांभळाची बी सुकवली की संपली. आग्नेय आशियातल्या वर्षावनांचे मुख्य वृक्ष, डिप्टेरोकार्प कुळातले, कित्येक वर्षांतून एकदा सामूहिक बहर धरतात आणि त्यांचे बीही काही दिवस किंवा आठवडेच जगते. अशा वृक्षांच्या बाबतीत बी जपून ठेवणारी बीजपेढी नाही, गोदाम नाही. बहर आला त्या महिन्यात माणसे तयार पाहिजेत, रोपवाटिकेत जागा रिकामी पाहिजे आणि पुढचा बहर येईपर्यंत ती रोपे सांभाळायला पैसा पाहिजे. मार्चअखेर संपणाऱ्या किंवा डिसेंबरअखेर संपणाऱ्या अंदाजपत्रकाला हे वेळापत्रक कळतच नाही.

इथे कुणीतरी बीजपेढ्यांकडे बोट दाखवते. नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरच्या बर्फात २००८ पासून जगाची बियाणे तिजोरी आहे ना? आहे, आणि ती असलीच पाहिजे. पण ती पिकांच्या वाणांसाठी आहे, आणि तिथला एकेक नमुना म्हणजे साधारण पाचशे दाणे. इंग्लंडमध्ये वेकहर्स्ट येथे २००० साली उघडलेली मिलेनियम सीड बँक रानटी वनस्पतींसाठी आहे. तिच्यात सुमारे चाळीस हजार प्रजातींचे बी उणे २० अंशांत ठेवलेले आहे. एखादी जात पृथ्वीवरून कायमची जाऊ नये, यासाठी हे काम अमोल आहे. पण एक डोंगर पेरायचा तर मुठीने नाही, टनांनी बी लागते. पेढीतल्या मुठीपासून शेतातल्या टनापर्यंत जाणारी वाट मधल्या मळ्यांतून जाते. रानातले थोडे बी आणून लावायचे, त्याची झाडे वाढवायची, त्यांचे बी धरायचे, पुन्हा लावायचे. गवतांना आणि बहुवर्षायू फुलझाडांना पहिले नीट पीक द्यायला दोन-तीन वर्षे लागतात. झुडपांना त्याहून जास्त. सगळा अडथळा या मधल्या वाटेवर आहे आणि पैसा नेमका तिथेच नाही.

हा अडथळा किती महाग पडतो, हे अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या ग्रेट बेसिन प्रदेशात उघड्या डोळ्यांनी दिसते. सेजब्रश या करड्या सुगंधी झुडपाचे हे विस्तीर्ण कोरडे मैदान. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तिथे युरेशियातून चीटग्रास नावाचे वर्षायू गवत शिरले. ते लवकर सुकते, झुडपांमधल्या मोकळ्या जागा भरून काढते आणि आगीला सलग इंधन पुरवते. जिथे पूर्वी दोन आगींमध्ये अनेक दशके जात, तिथे आता काही वर्षांतच पुन्हा जळते. सेजब्रश जळाला की बुंध्यातून फुटत नाही. त्याला बियांतूनच यावे लागते, आणि त्याचे बारीक बी साध्या गोदामात दोनेक वर्षांत निकामी होते. म्हणजे ज्या झाडाचे बी सर्वांत जास्त लागते, त्याचेच साठवणे सर्वांत अवघड.

आग लागते उन्हाळ्यात. पेरणी करायची त्याच वर्षीच्या थंडीपूर्वी, नाहीतर वसंतात चीटग्रास जागा बळकावते. काही महिन्यांत शेकडो टन बी हवे, अशी मागणी एकदम बाजारात येते. बाजारात जे असेल ते उचलले जाते. १९३० च्या दशकापासून कितीतरी लाख एकरांवर क्रेस्टेड व्हीटग्रास हे मध्य आशिया-सायबेरियाकडचे गवत पेरले गेले, कारण ते स्वस्त होते, भरवशाने उगवत होते आणि मिळत होते. त्याने माती धरली, गुरांना चारा दिला. पण पुष्कळ ठिकाणी ते असे पाय रोवून बसले, की देशी जाती तिथे आजही परत येऊ शकलेल्या नाहीत. सेजब्रशचे बी घेतानासुद्धा गफलत होते. त्याच्या निरनिराळ्या उपप्रजाती निरनिराळ्या उंचीवर आणि मातीत जगतात. कोरड्या जागेची म्हणून विकत घेतलेली बियाणी वजनाने तपासली, तेव्हा त्यातले बरेचसे दुसऱ्याच उपप्रजातीचे निघाले, असे अमेरिकी संशोधकांनी २०१५ साली दाखवले. अशी रोपे उगवतात, दोन वर्षे छान दिसतात, अहवालात फोटो लागतो. पुढच्या कडक दुष्काळात ती जातात, तेव्हा अहवाल केव्हाच बंद झालेला असतो.

यात बियाणे पिकवणाऱ्याला दोष देणे सोपे आहे, पण अन्यायाचे आहे. त्याच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. कुणी विचारलेही नसलेल्या रानफुलाचे बी त्याने आज लावायचे, तीन वर्षे तण काढायचे, हाताने काढणी करायची, स्वच्छ करायचे. मग आग लागली तर गिऱ्हाईक येणार, नाही लागली तर येणारच नाही, आणि तोवर बी गोदामात मरत राहणार. सगळी जोखीम त्याची. सरकार हे अशा बियाण्याचे मुख्य, अनेकदा एकमेव मोठे गिऱ्हाईक. आणि तेच शेवटच्या क्षणी येऊन सर्वांत कमी दर मागते. अशा बाजारात शहाणा शेतकरी तीन-चार खपणाऱ्या जातींपलीकडे जाणारच नाही. आडातच नाही, ते पोहऱ्यात कुठून येणार? अमेरिकेतल्या राष्ट्रीय विज्ञान अकादमींच्या समितीने २०२३ साली या पुरवठ्याचा सविस्तर अभ्यास मांडला, त्याचाही रोख इथेच आहे: देशी बियाण्याचा पुरवठा गरजेला फार अपुरा आहे, आणि मोठ्या खरेदीदारांनी आधीपासून नियोजन करून, पिकवणाऱ्यांची जोखीम वाटून घेतल्याशिवाय तो वाढणार नाही. त्याच देशाने २००१ पासून रानबियाणे गोळा करण्याचा मोठा उपक्रम चालवला, २०१५ मध्ये राष्ट्रीय बियाणे धोरणही आणले. ज्ञान होते, धोरण होते. खरेदीची पद्धत मात्र आगीच्या मागे धावणारीच राहिली.

उलट उदाहरणेही आहेत आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटतात. जर्मनीने २०१० मध्ये लागू केलेल्या निसर्गसंरक्षण कायद्यात असे घातले, की १ मार्च २०२० नंतर मोकळ्या निसर्गात त्या भागाबाहेरच्या मूळाचे रानबियाणे परवानगीशिवाय पेरता येणार नाही. गवतांसाठी आणि फुलझाडांसाठी देशाचे २२ मूळ-प्रदेश आखले गेले. यात मला मोलाची वाटते ती मधली दहा वर्षांची मुदत. पिकवणाऱ्याला दहा वर्षे आधी कळले, की अमुक तारखेनंतर या बियाण्याला गिऱ्हाईक असणारच आहे. त्या एका खात्रीवर मळे उभे राहिले. अनुदानापेक्षा खात्री मोठी, हे यातून दिसते.

ब्राझीलमध्ये शिंगू नदीच्या खोऱ्यात २००७ साली सुरू झालेले बीज-जाळे अगदी वेगळ्या मार्गाने त्याच जागी पोचले. तिथे आदिवासी, छोटे शेतकरी आणि गावातली माणसे मिळून सहाशेच्या आसपास लोक बी गोळा करतात. त्यांत बायका जास्त. कोणत्या झाडाचे किती बी यंदा मिळू शकेल, हे गोळा करणारे आधी सांगतात. मागणी करणाऱ्यांच्या नोंदी येतात आणि काम वाटून दिले जाते, म्हणजे कुणी गोळा केलेले बी वाया जात नाही. झाडे, झुडपे आणि लवकर वाढणाऱ्या जमीनझाक जाती यांचे बी वाळूत मिसळून थेट पेरतात. या मिश्रणाला तिथे 'मुवुका' म्हणतात. आजवर शेकडो टन बी या जाळ्यातून गेले आहे. जंगल उभे ठेवण्यात त्या घरांचा आता रोख पैशाचा स्वार्थ आहे, कारण उभ्या झाडालाच बी येते. हा भाग मला सर्वांत आशादायक वाटतो.

आता आक्षेपांकडे वळतो, कारण त्यांतले काही खरे आहेत.

पहिला आक्षेप: पेरायचे कशाला, जमीन सोडून द्या, निसर्ग आपले बघून घेईल. जिथे हे शक्य आहे तिथे हेच करावे. पश्चिम आफ्रिकेत नायजरच्या शेतकऱ्यांनी शेतात जिवंत राहिलेल्या जुन्या मुळांतून आणि खोडांतून आलेले फुटवे राखले, आणि सुमारे ५० लाख हेक्टरांवर झाडे परत आणली. एकही बी विकत न घेता. पण तिथे मुळे जिवंत होती. जिथे वर्षानुवर्षे नांगर फिरला, जिथे खाणीने मातीच उचलून नेली, जिथे परक्या तणाने जमिनीतला बियांचा साठा संपवला, तिथे फुटायला खाली काही नसते. तिथे सोडून देणे म्हणजे तणाला आंदण देणे. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या जारा जंगलात बॉक्साइट काढताना वरची माती वेगळी खरवडून, शक्य तितकी ताजी दुसऱ्या खड्ड्यावर पसरतात. त्या मातीतल्या बियांतूनच पुष्कळशा जाती परत येतात. तीच माती ढिगात पडून राहिली तर बी मरते. म्हणजे वरची चार बोटे माती हेही बियाणेच आहे. खाण किंवा रस्ता मंजूर करताना ती कुठे जाणार हे विचारले गेलेच पाहिजे.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: हवामानच बदलते आहे, तर 'स्थानिक' बियाण्याचा हट्ट का? उद्या इथली हवा आज शंभर मैल दक्षिणेला आहे तशी होणार असेल, तर तिथलेच बी आणावे. हा विचार चुकीचा नाही. स्थानिक बियाण्यात थोडे अधिक उष्ण, अधिक कोरड्या जागांचे बी मिसळावे, असे आता अनेक शास्त्रज्ञही सुचवतात. पण असे मिसळायचे तर प्रत्येक पोते कुठल्या रानातले, किती झाडांवरून, कोणत्या साली घेतले, याची नोंद आधी हवी. ज्याच्या मूळाचा पत्ताच नाही असे बियाणे हवामानाच्या नावावर खपवणे हा प्रयोग होत नाही. म्हणून या आक्षेपातून नोंदींची गरज वाढते, कमी होत नाही.

तिसरी भीती रानाचीच आहे. मागणी वाढली, की लोक रान ओरबाडतील. ही भीती रास्त आहे. संकलनाचा मान्य नियम असा, की त्या दिवशी पिकलेल्या बियांपैकी २० टक्क्यांहून जास्त घेऊ नये, आणि घेताना किमान पन्नासेक झाडांवरून थोडे थोडे घ्यावे. रस्त्याकडेच्या दोन वाकलेल्या फांद्यांवरून पोते भरले, तर पुढचे सगळे रान भावंडांचे होते. त्यांच्यात कमजोरी शिरते. मोठी मागणी मळ्यांनीच भागवली पाहिजे. मळ्यातही एक खाचखळगा आहे. यंत्राने एकाच दिवशी काढणी केली, की त्या दिवशी पिकलेले आणि न गळलेले बीच पुढे जाते. काही पिढ्यांत रानगवताचे नकळत पीक बनू लागते. म्हणून ठरावीक पिढ्यांनंतर पुन्हा रानातून नवे बी आणावे लागते. म्हणजे शेवटी सगळे मूळ रानाशीच येऊन थांबते.

माझ्या मागण्या यातूनच येतात. पुनर्स्थापनेच्या प्रत्येक मोठ्या योजनेत बियाण्याचे पैसे पेरणीच्या पैशांपासून वेगळे आणि किमान पाच वर्षे आधी मंजूर व्हावेत, आणि वर्षअखेर ते परत जाऊ नयेत. पिकवणाऱ्यांशी आधी करार करून, आग-पूर न येताही ठरलेले बी विकत घ्यावे. ते शीतगोदामात ठेवावे आणि जुने होण्याआधी ठरल्या जागी पेरून टाकावे. दर किलोवर नको, शुद्ध जिवंत बियांवर ठरावा. मूळाचा दाखला नसलेले पोते फुकट मिळाले तरी घेऊ नये. आणि गोळा करणाऱ्या माणसांना हंगामी मजुरीच्या तळाशी न ठेवता, त्यांच्या ओळखीचे आणि वेळेच्या ज्ञानाचे पैसे मिळावेत. हे सगळे महाग आहे, असे म्हटले जाते. चुकीचे बी पेरून तीन वर्षांनी तेच क्षेत्र पुन्हा पेरण्याचा खर्च कुणी त्याच तक्त्यात मांडत नाही, म्हणून ते महाग दिसते.

या यादीतले सर्वांत निकडीचे काम मात्र कुठल्याच निविदेत येत नाही. प्रत्येक प्रदेशात अजून शाबूत असलेली थोडी रानपट्टी, माळाचा तुकडा, ओढ्याकाठची जुनी झाडे उरलेली असतात. क्षेत्रफळाने ती नगण्य असतात, त्यामुळे संरक्षित क्षेत्रांच्या यादीत बसत नाहीत आणि रस्त्याच्या रुंदीकरणात सहज जातात. पण सुकवून ठेवता न येणाऱ्या बियांचा साठा दुसरीकडे कुठेच नाही, आणि मळ्यातल्या प्रत्येक नव्या पिढीचे मूळ बीही तिथूनच यायचे आहे. अशा तुकड्यांचा नकाशा, त्यांतल्या मातृवृक्षांची नोंद आणि त्यांना बीजस्रोत म्हणून कायद्याने मिळालेले संरक्षण, हे पुनर्स्थापनेच्या अंदाजपत्रकातले पहिले कलम असले पाहिजे. नव्या हेक्टरांचा आकडा त्याच्या खालच्या ओळीत यावा, आणि नकाशातले बी जेवढ्याला पुरेल तेवढाच यावा.